बोटभर अंतर

माझं काम काय असं कुणी विचारलं तर मी सांगते, की मी लोकांवर ओरडून त्यांना फुंकायला लावते आणि त्याचा मला पगार मिळतो. फुप्फुसांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी बारा वर्षं घरोघर फिरणारी कार्यकर्ती आहे. खांद्याला काळी बॅग. तिच्यात श्वास मोजायचं यंत्र, पुठ्ठ्याच्या नळ्या, नाकाला लावायचे चिमटे आणि जाडजूड प्रश्नावली. माणसाला खुर्चीवर ताठ बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात द्यायची आणि आवाज चढवायचा. "घ्या, घ्या, भरून घ्या... आता सोडा! फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" गोड आवाजात सांगितलं तर माणूस निरांजन विझवल्यासारखं फुंकतो आणि चाचणी वाया जाते. कसबा पेठेतल्या एका घरी माझा आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी कठड्यावरून वाकून विचारलं होतं, "काय हो, बाळंतीण अडली आहे का?"

या कामात मी पहिली गोष्ट शिकले ती ही, की पुण्यात दमा कुणालाच नसतो. कर्वेनगरात ‘ॲलर्जी’ असते, पेठांमध्ये ‘बारीक धाप’ असते, नव्या सोसायट्यांमध्ये ‘हवा मानवत नाही’. घरात लग्नाची मुलगी असेल तर तिला नुसती ‘सर्दीची प्रकृती’ असते. पंपाचा तर विषयच काढायचा नाही. पंप म्हणजे सवय लागणार, पंप म्हणजे आता काही खरं नाही. त्यामुळे मी दमा हा शब्द गाळूनच विचारते, "जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का?" त्यावर माणसं खरं बोलतात. दम्याची लाज वाटते, जिन्याची वाटत नाही.

जिना माझ्या घरीही होताच. आम्ही कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत चाळीस वर्षांची, लिफ्ट नाही. बांधली तेव्हा सगळे सभासद तरुण होते, लिफ्टचा विचार कुणाच्या डोक्यात आला नसणार. पायऱ्या बावन्न. हा आकडा मला माहीत आहे कारण सासूबाईंनी तो मोजून ठेवला आहे. त्या मुलींच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका होत्या आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी घरातलं काहीही त्यांच्या मोजण्यातून सुटत नाही. पोळ्या किती लाटल्या, गॅसचं सिलिंडर किती दिवस टिकलं, मी फोनवर किती मिनिटं बोलले.

त्यांचा दमा तसा जुना. लहानपणी चूल, संसारात रॉकेलचा स्टोव्ह, आणि पुढे प्रत्येक थंडीत एक आजारपण. आठ वर्षांपूर्वी त्यांना कॅप्सूलचा पंप सुरू झाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात कॅप्सूल घालून पिळायची, कॅप्सूल आत फुटते, आणि त्यातली बारीक पांढरी भुकटी एका जोरदार श्वासाबरोबर छातीत ओढून घ्यायची. सासूबाई पंप सकाळी सात आणि संध्याकाळी सातला घेत. घड्याळ चुकेल, त्या चुकत नसत. तरी धाप वाढतच गेली. डॉक्टरांनी औषधाची ताकद वाढवली, मग आणखी वाढवली, मग गोळ्या जोडल्या. शेवटी म्हणाले, आता हा नुसता दमा राहिलेला नाही, श्वासनलिका कायमच्या अरुंद होत चालल्यात, औषधाला म्हणावी तशी दाद मिळत नाही.

गेल्या गुढीपाडव्यानंतर सासूबाई खाली उतरल्याच नाहीत. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं, ते खुर्चीत बसवून. दोन माणसं खुर्ची उचलून उतरत होती आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. खाली आवारात पारिजातकाजवळ एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर त्या आणि तीन मैत्रिणी रोज संध्याकाळी बसायच्या आणि सोसायटीचा कारभार चालवायच्या. आता त्या गॅलरीतून खाली बघत. पहिले काही दिवस वरून ओरडून गप्पांत भाग घेतला. मग तेवढाही दम पुरेना, तेव्हा नुसता हात हलवायच्या. खालच्या तिघीही हात हलवत आणि पुन्हा आपल्या बोलण्याला लागत. भाजीवाल्यासाठी दोरीला बांधलेली पिशवी मात्र त्या स्वतः सोडत आणि स्वतः ओढून घेत. ते काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही.

शेवटी ठरलं, की तुळशीचं लग्न आटोपलं की त्यांनी नाशिकला जायचं. माझ्या नणंदेचं तिथे बसकं घर आहे, दारात अंगण, एकही पायरी नाही. नणंद प्रेमाने बोलावत होती, माझ्या नवऱ्यालाही पटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ठरलं ना? मग मला कशाला विचारता?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कपाट आवरायला काढलं. गणिताची जुनी पुस्तकं कुणाकुणाला देऊन टाकली. एकदा मी अचानक खोलीत गेले तर त्या पलंगावर बसून खिडकीच्या गजाला नुसत्या धरून होत्या. मला बघून म्हणाल्या, "गज गंजलाय. रंग द्यायला सांग." ज्या घरात त्या राहणारच नव्हत्या, त्या घराचा गज.

त्यांना जायचं नव्हतं. हे मला दिसत होतं, आणि मी बारा वर्षं परक्यांची फुप्फुसं मोजणारी बाई या बाबतीत काही करू शकत नव्हते. आमच्या संस्थेचा नियमच होता, की आपल्या घरच्या माणसांची चाचणी आपण घ्यायची नाही. आकड्यात माया मिसळते. नियम बरोबर आहे. मी तो इतका मनापासून पाळला, की घरी सासूबाईंचा आजार हा मी दवाखान्याचा विषय करून टाकला. माझ्याकडे एकच काम राहिलं. रोज सकाळी डबा भरता भरता विचारायचं, "आई, पंप घेतला?" आणि त्या म्हणायच्या, "घेतला."

गणपती उठल्यानंतर आमच्या पाहणीची दुसरी फेरी सुरू झाली. मागच्या वर्षी ज्या घरी गेलो त्याच घरी पुन्हा जायचं. या खेपेला आमच्या डॉक्टरबाईंनी प्रश्नावलीला एक नवीन पान जोडलं होतं. पंप घेणाऱ्या माणसाला, तो कसा घेता ते करून दाखवा, असं म्हणायचं आणि एकेका कृतीपुढे खूण करायची. मला ते पान अजिबात आवडलं नव्हतं. आधीच प्रश्न एवढे, की शेवटाकडे येईतो माणसं जांभया देतात. बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, विचारलं की सांगतात लोक. करून काय दाखवायचंय? नाटक आहे का?" डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "बघा तरी."

एके दुपारी मी कसबा पेठेत तांबटांच्या आळीत होते. खाली तांब्याच्या भांड्यांवर हातोड्या पडत होत्या आणि वर दोन खोल्यांत एका तांबटाची बायको माझी वाट बघत होती. साठी उलटलेली, बारीक चणीची, डोक्यावर पदर. मागच्या वर्षी हिला पंप नुकताच लागला होता आणि कसा घ्यायचा ते मीच समजावून दिलं होतं. वर्षभरात तिचे आकडे सुधारायला हवे होते. तीनदा फुंकवलं, तिन्ही वेळा आकडे खालीच.

"आजी, पंप घेता ना रोज?"

"घेते की. दोन्ही टायमाला. एक दिवस चुकवला नाही."

"बरं, कसा घेता ते करून दाखवा."

तिने हात धुतले. फडताळातून झाकणाचा स्टीलचा डबा काढला, त्यातून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला पंप. कॅप्सूल नीट घातली, नीट पिळली. मी खुणा करत होते. मग तिने मान मागे टाकली, तोंड उघडलं, पंप ओठांच्या वर बोटभर अंतरावर धरला, आणि तांब्यातून पाणी वरून प्यावं तसा उलटा करून त्याला दोन टिचक्या मारल्या. भुकटी जिभेवर पडली, थोडी हनुवटीवर. तिने तोंड मिटलं, गिळलं, पदराने हनुवटी पुसली.

"गोडसर असतं," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. खरं सांगते, फुटलं. "अहो आजी, चूर्ण आहे का ते? तोंडात धरायचा पंप, ओठ घट्ट मिटून आत ओढायचं!"

"तोंड लावायचं?" तिने पंप फडक्यात गुंडाळला. "आणि मग उष्टा पंप परत डब्यात ठेवू? देवाच्या फडताळात?"

"तुमचाच तर आहे, दुसऱ्या कुणाचा आहे का?"

"तुम्हीच नाही का दाखवलंत मागल्या वर्षी? इथंच बसून. लांबूनच दाखवलंत."

मी म्हणणार होते, छे, मी असं कशाला दाखवीन. बॅगेतून नमुन्याचा पंप काढला, हा आमचा दाखवायचा पंप, आत औषध नसतं. "हे बघा," म्हणाले, "असा धरायचा, आणि ओठ घट्ट मिटायचे," आणि पंप तोंडाकडे नेला. हात आपोआप थांबला. ओठांपासून बोटभर अलीकडे.

"लावलंत का तोंड?" तिने विचारलं.

नव्हतं लावलं. बारा वर्षांत एकदाही लावलं नव्हतं. नमुन्याचा पंप एकच, घरं अनेक, तो तोंडाला लावायचा नाही अशी आम्हाला सूचनाच होती, आणि ती योग्य होती. पण खरं सांगायचं तर सूचना नसती तरी मी लावला नसता. आमच्या घरात बाटलीला तोंड लावून कुणी पाणी पीत नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आम्ही झाकणात ओतून वरून घेतो. मला वाटायचं, मी तोंडाने सांगते आहे ना, ओठ मिटा म्हणून, मग झालं. पण माणसं ऐकतात कुठे? माणसं बघतात. माझी जीभ एक शिकवत होती आणि हात दुसरंच, आणि लोक हातावर विश्वास ठेवत होते. अंतर ठेवायचंच आहे तर मग वरून टाकणं सोपं, एवढी भर ज्याने त्याने आपल्या अकलेने घातली.

मी तिच्याकडे गरम पाणी मागितलं, नमुन्याचा पंप धुतला, पुसला आणि तिच्यासमोर ओठात धरला. कसंसंच वाटलं. तिनेही तोंड जरा वाकडं केलं. पण मग तिने स्वतःचा पंप काढला आणि तिसऱ्या प्रयत्नाला तो नीट ओढला. आत कॅप्सूल भिरभिरली. नीट ओढलं की ती आत फिरते आणि भिर्र असा आवाज येतो. म्हातारी दचकली. "वाजला की हो!"

तो आवाज ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कारण आमच्या घरी आठ वर्षं दिवसातून दोनदा पंप घेतला जात होता आणि मी हा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

पुढची दोन घरं मी सोडली आणि बस धरली. खिडकीशी बसून एकेक गोष्ट आठवत गेली. सासूबाईंच्या गडद साडीवर छातीशी दिसणारी पांढरी धूळ. मला ती टाल्कम पावडर वाटायची. एवढंच नाही, "पावडर कमी लावत जा, आई, धाप वाढते," असं मी त्यांना सुनावलंही होतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं होतं. पावडर त्या लावतच नाहीत. आणि मग आठ वर्षांपूर्वीचं जेवणाचं टेबल आठवलं. नवा कोरा पंप, मी आणि त्या. मी मोठ्या ऐटीत समजावलं होतं, पंप तोंडापासून लांब धरून म्हणाले होते, "तुमचा आहे, आई, मी उष्टा नाही करत." आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं तरी कळतं तुला." त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाबासकी. नवीन लग्न झालेल्या मुलीसारखी मी त्या दिवशी खूश होते.

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. सासूबाई गॅलरीत खुर्चीत होत्या, मांडीवर शब्दकोडं. पायाशी नाशिकला न्यायची बॅग अर्धी भरलेली.

"आज लवकर?"

"आई, तुम्ही पंप कसा घेता ते मला दाखवा."

"का? परीक्षा आहे?"

"हो."

"पेपर सातला आहे," त्या म्हणाल्या, "तेव्हा ये," आणि कोड्याकडे वळल्या.

दोन तास मी स्वयंपाकघरात काय केलं ते आठवत नाही. सातला दोन मिनिटं कमी असताना त्या उठल्या, भिंत धरत आपल्या खोलीतल्या बेसिनशी गेल्या. इतकी वर्षं त्या तिथे भिंतीकडे तोंड करून पंप घ्यायच्या. औषध चारचौघांत घ्यायचं नसतं असं त्यांचं मत. मी दारात उभी राहिले. कॅप्सूल घातली, पिळली, मान मागे टाकली. बोटभर अंतर. दोन टिचक्या. मग, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, खळखळून चूळ भरली आणि उरलंसुरलं औषध बेसिनमध्ये थुंकून टाकलं.

"झाली परीक्षा? किती मार्क?"

"आई, असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "कुणी म्हणजे? तू."

मी पलंगावर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, टेबलाशी काय चुकलं ते, तांबटाच्या बायकोचं, पावडरीचंही. औषध छातीत कधी गेलंच नाही, पोटात गेलं नाहीतर बेसिनमध्ये. शांतपणे बोलायचा प्रयत्न केला, जमला नाही. मध्येच रडायला आलं. त्या उभ्याच होत्या, बेसिनला धरून, श्वास वर खाली होत होता.

"आठ वर्षं," त्या म्हणाल्या. "दिवसातून दोनदा." ओठ किंचित हलले. "पाच हजार आठशे चाळीस. आणि दोन लीप वर्षांचे चार."

मी डोळे पुसले.

"रोज विचारत होतीस ना, घेतला का म्हणून?"

"हो."

"बघितलं नाहीस कधी?"

"नाही, आई."

त्यांनी टॉवेल दांडीवर वाळत टाकला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांच्या टोमण्यांची सवय आहे, त्यांच्या गप्प बसण्याची नाही. त्या रात्री जेवताना त्यांनी फक्त माझ्या नवऱ्याला मीठ मागितलं, जे माझ्या हाताशी होतं.

सकाळी सातला खोलीतून हाक आली, "ये इकडे." त्या पलंगावर बसल्या होत्या, भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून. पंप माझ्या हातात दिला. "दाखव. आणि या वेळी तोंड लाव."

"आई, हा तुमचा..."

"तोंड लाव म्हणते ना."

मी रिकामा पंप ओठात धरला, ओठ घट्ट मिटले आणि जोरात आत ओढून दाखवलं. मग तो धुवायला बेसिनकडे निघाले तर त्यांनी हात पुढे केला. "दे." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या ताटातलं त्यांनी कधी काही खाल्लं नव्हतं. पंप त्यांनी माझ्या हातून घेतला, कॅप्सूल घातली आणि तसाच, माझा उष्टा, स्वतःच्या ओठात धरला. पहिल्यांदा ठसका लागला. दुसऱ्या कॅप्सूलला खोलीत भिर्र आवाज झाला. मी दाराला टेकून उभी होते आणि मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते प्रेमच होतं. इतकी वर्षं मी त्याला आदर वगैरे म्हणत आले होते.

त्याच दिवशी जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. नवीन पानाबद्दल बैठकीत काय बोलले होते त्याचीही आठवण करून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "लक्षात आहे." मग त्यांनी आम्हा सगळ्या कार्यकर्त्यांना एकत्र बसवलं आणि प्रत्येकीला पंप दाखवायला सांगितला. एकूण एक हात ओठांच्या अलीकडे थांबला. कुणी हसलं नाही. जिथे जिथे आम्ही पंप शिकवला होता त्या घरांची यादी निघाली आणि आम्ही पुन्हा जिने चढायला लागलो. आता प्रत्येकीला स्वतःचा नमुना मिळाला आहे, स्वतःच्या डबीत, आणि तो तोंडात धरूनच दाखवायचा असतो. इतकी वर्षं मला वाटायचं, की संशोधन म्हणजे यंत्रातून निघणारे आकडे. आकडे खोटे नव्हते. सासूबाईंचे आकडे पडत होते आणि त्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी मिळून असा लावला, की औषधाला दाद नाही. औषध दारातूनच परत जात होतं, आणि दाराशी मीच उभी होते.

सासूबाईंच्या डॉक्टरांनी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. जे सुजलेलं आहे ते औषधाने उघडेल. जे इतक्या वर्षांत घट्ट होऊन बसलं ते आता उघडणार नाही. सासूबाईंनी विचारलं, "किती टक्के?" ते म्हणाले, "ते तुमचा जिनाच सांगेल."

जिन्याने हळूहळू सांगितलं. पंधरा दिवसांनी गॅलरीतून त्यांचा आवाज खालच्या बाकापर्यंत पुन्हा पोचायला लागला आणि खालच्या तिघी जरा सावरून बसायला लागल्या. मग त्या रोज थोड्या पायऱ्या उतरून चढायच्या, आधी सहा, मग बारा. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने चार दिवस पुन्हा छाती भरली. मी खिडक्या लावून घेतल्या आणि मनातून हाय खाल्ली. पण या खेपेला दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि ठरल्याप्रमाणे नणंद गाडी घेऊन आली; सासूबाईंनी तिला काही कळवू दिलं नव्हतं. आवारात शिरते तर तिची आई बाकावर, मैत्रिणींच्या मधोमध. गाडीचं दार उघडं टाकूनच नणंद पुढे आली.

"आई, तू खाली? आता वर कशी जाणार?"

"जिन्याने," सासूबाई म्हणाल्या. "तुझं अंगण छान आहे गं. उन्हाळ्यात येईन चार दिवस."

त्यांच्या खोलीतली बॅग मी त्याच संध्याकाळी रिकामी केली. खिडकीच्या गजाला रंग दिला.

आता त्या दिवसाआड खाली उतरतात. भाजी स्वतः निवडून घेतात आणि भाजीवाल्याला इतके महिने दोरीवरून काय काय खपवलं त्याचा जाब विचारतात. वर येताना मी बरोबर असते, पिशवी माझ्या हातात. शेजाऱ्यांनी प्रत्येक वळणावर एकेक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आहे. बावन्न पायऱ्यांत चार थांबे लागतात. चारचे तीन होतील असं वाटलं होतं, पण ते काही झालं नाही. जे उघडायचं ते उघडलं.

शेवटच्या थांब्यावर त्या खुर्चीत बसतात, एक बोट वर करून मला थांब म्हणतात, आणि श्वास जरा हाताशी आला की दर वेळी तेच म्हणतात. "त्या दिवशी टेबलाशी एकदा उष्टा केला असतास ना पंप, तर दोन थांब्यांत आले असते."

रागाने म्हणत नाहीत. हिशेब मांडल्यासारखं म्हणतात, आणि तो बरोबर असतो. मी पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि त्या उठेपर्यंत शेजारी उभी राहते.